प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी) वाढल्यावर शस्त्रक्रियेचे कोणते पर्याय असतात?

औषधे घेऊनही लघवी वारंवार तुंबत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडांवर ताण येत असेल, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. ग्रंथी साधारण 30 ते 80 ग्रॅमची असल्यास टीयूआरपी ही रुळलेली पद्धत आहे. तीत मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालून, अडथळा आणणारा भाग विजेच्या तारेच्या कडीने थोडाथोडा खरवडून काढतात आणि बाहेरून कुठेही टाके पडत नाहीत. ग्रंथी फार मोठी असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर होलेप ही लेसर शस्त्रक्रिया मला अधिक योग्य वाटते. दोन्हींनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने अपाय होत नाही, परंतु अपत्य हवे असणाऱ्यांनी याविषयी सर्जनशी आधीच मोकळेपणाने बोलावे.