पीक वाटेतच विरतंय, कॅपिलरी फेकू नकोस

भाऊ, तुझं म्हणणं थोडक्यात असं: धुळ्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट, सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात इथेनॉल घालून त्यात तयार होणारा मोनोइथाइल कार्बोनेट हा नाजूक आयन कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने शोधतोयस (केसासारख्या बारीक नळीत, म्हणजे कॅपिलरीत, व्होल्टेज लावून आयन आपापल्या वेगाने वेगळे करायचे). नळीत भरलेलं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) एमईएस-हिस्टिडिन, पीएच ६. आलेखात पीक, म्हणजे टोकदार शिखर, येत नाही, नुसता उंचवटा येतो. सर म्हणतात कॅपिलरी खराब झाली.

मीही असाच उंचवटा पाहून दोनदा कॅपिलरी बदलली होती. पैसे गेले, उंचवटा जागेवरच.

सावद्याहून केळी दिल्लीला कच्ची निघतात आणि काही घड वाटेतच पिकतात ना, तसं हे आहे. तुझा आयन अर्धं अंतर स्वतःच्या वेगाने जातो, मग तुटतो आणि उरलेलं अंतर त्याचा तुकडा, म्हणजे बायकार्बोनेट, वेगळ्या वेगाने जातो. कोणी लवकर तुटतो, कोणी उशिरा, म्हणून दोन पीकांच्या मधली जागा भरून निघते. त्यात पीएच ६ ला निम्म्याहून जास्त बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो परत पाण्याशी संयोग पावायला २५ अंशाला अर्धायुष्य साधारण १९ सेकंद. म्हणजे बायकार्बोनेटचं पीकसुद्धा धड येणार नाही.

आधी बफर बदल. पीएच ८ च्या वर, कमी वाहकतेचं. इओएफ (व्होल्टेजमुळे नळीतल्या द्रवाचा होणारा प्रवाह) उलटवायला किंचित सीटॅब, हे एक धन आयनी साबणद्रव्य. हा आयन यूव्हीत जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे डिटेक्टर स्पर्शरहित वाहकतेचाच हवा (नळीच्या बाहेरून आतल्या द्रवाची वाहकता मोजणारा). कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसला हा डिटेक्टर जोडण्याची कल्पना १९९८ मध्ये मांडणाऱ्यांपैकी ब्राझीलमधल्या साओ पाउलोचे रसायनशास्त्रज्ञ दो लागो. पुढे त्यांच्याच गटाने बीअरमध्ये हेच मोनोइथाइल कार्बोनेट दाखवलं. आणि ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) चालवल्याशिवाय काही लिहू नकोस, अल्कधर्मी बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं.

मग अंतर कमी कर. कॅपिलरी एकूण ६० सेंमी, डिटेक्टरपर्यंत ५१.५ सेंमी, ३० किलोव्होल्ट, निव्वळ गतिशीलता (दर एकक विद्युतक्षेत्रामागे आयनाचा वेग) ७×१०⁻⁴ सेंमी²/(व्होल्ट·सेकंद) धरली तर प्रवास सुमारे १४७ सेकंदांचा. त्याच कॅपिलरीत उलट्या टोकाने, ८.५ सेंमीच्या बाजूने इंजेक्शन दिलं (पोलॅरिटी बदलायला विसरू नकोस) तर २४ सेकंद.

उंचवटा खरंच विघटनाचा की तापण्याचा, हे व्होल्टेज सांगेल. १०, २०, ३० किलोव्होल्टवर चालव. विघटन असेल तर व्होल्टेज वाढवल्यावर उंचवटा कमी होतो, ज्यूल उष्णता (करंटने नळी तापणं) असेल तर पीकं आणखी बिघडतात. सोबत थोडं ब्रोमाइड टाक, ते वाटेत तुटत नाही. त्याचं पीक सरळ असेल तर कॅपिलरीला दोष देऊ नकोस.

खरी मजा पुढे आहे. आयन मध्यावर असताना व्होल्टेज बंद कर, २, ५, १० मिनिटं थांब, परत चालू कर. विसरणाने पीक रुंदावेल, १० मिनिटांत फार तर मिलिमीटरभर, पण क्षेत्रफळ त्याने घटत नाही. घटलं तर ते विघटनच. पीकाच्या क्षेत्रफळाला व्होल्टेज चालू असलेल्या वेळेने भाग, लॉग घे, थांबलेल्या वेळेपुढे मांड; उतारातून दर मिळतो. ०.६९३ भागिले दर, झालं अर्धायुष्य.

एक खास आपल्याकडचं. मे महिन्यात कॅपिलरीची कॅसेट २५ अंशाला असते, पण नमुन्याच्या बाटल्यांचा ट्रे खोलीइतकाच तापतो. कूलर बंद पडला की नमुना ३८ अंशाला रांगेत बसून राहतो, पहिली आणि दहावी रन जुळत नाही. नमुना दर वेळी ताजा कर, वेळ लिहून ठेव.

हायड्रॉक्सिल रॅडिकलबद्दल (अतिशय क्रियाशील, क्षणात संपणारा OH) विचारलंस, ते या पद्धतीने थेट दिसणार नाही, नॅनोसेकंदांचा खेळ आहे. सॅलिसिलेटने अडकव आणि तयार झालेली डायहायड्रॉक्सीबेंझोइक आम्लं वेगळी कर.

तिन्ही व्होल्टेजचे आलेख इथे टाक, करंटच्या रेषेसकट. बघून सांगतो.