चक्रीवादळाचा पूर ओसरल्यावरही विषारी धोका राहतो का?

हो, राहतो. उलट पाणी उतरलं की लोक बेसावध होतात. 2005 मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. शेजारच्या सेंट बर्नार्डमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी पुराने जागची हलली आणि सुमारे 10 लाख गॅलन कच्चं तेल सांडून वस्तीत शिरलं. घराघरांत तेल, सांडपाणी, गाळ सगळं एक झालं. असा गाळ वाळला की त्याची धूळ श्वासात जाते, ओल्या भिंतींना बुरशी लागते. त्यामुळे साफसफाईला मास्क, रबरी हातमोजे, गमबूट हवेतच. आणि कळकळीने सांगते, जनरेटर घरात किंवा खिडकीजवळ कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो; माणसं झोपेतच जातात.