सरड्याचे जोर

प्रश्न : कुंपणावरचा सरडा जोर काढल्यासारखा वरखाली होतो. का? जवळ गेलं की खोडामागे सरकतो. मग पाहायचं कसं?

उत्तर : तो बहुधा नर असावा. विणीच्या हंगामात डोकं-गळा लाल करून तो आपली हद्द बजावतो. आसपास दुसरा नर किंवा मादी आहे का, तेही शोधा. सकाळी तो ऊन खायला येण्याआधीच ४-५ मीटरवर बसा आणि १५ मिनिटं हलू नका. तुमची सावली त्याच्यावर पडली की निरीक्षण संपलंच! वहीत वेळ, ऊन-सावली, बसल्या जागेची उंची आणि एका दमातले जोर टिपा. रंगावरून मात्र सरडा ओळखू नका. तोच थोड्या वेळात फिका पडतो. ओळखीसाठी जुनी जखम, तुटकी नखं पाहा.