छातीत दुखत असताना ‘हार्ट स्कोअर’ ३ आला, म्हणून रुग्णाला घरी पाठवणे योग्य आहे का?

आपले वडील ५८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह व उच्च रक्तदाब आहे. छातीत दुखल्यामुळे नेले असता ‘स्कोअर ३, धोका कमी’ असे सांगून त्यांना घरी पाठवले, आणि केवळ एका आकड्यावर असा निर्णय घेता येतो का, असे आपण विचारले आहे. मी आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर आहे. माझे मत असे की घेता येतो, मात्र तो आकडा कसा जमला हे नीट तपासले गेलेले असावे.

‘हार्ट स्कोअर’ म्हणजे छातीत दुखणाऱ्या रुग्णाला हृदयाचा गंभीर त्रास होण्याचा धोका मोजण्याची पद्धत. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दुखण्याचे वर्णन, ईसीजी, वय, जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन (रक्तात मोजले जाणारे हृदयस्नायूतील प्रथिन) या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण मिळतात. आपल्या वडिलांना वयाचा १ आणि दोन जोखीम-घटकांचा १ मिळाला असणार. ईसीजी व ट्रोपोनिन आपण लिहिल्याप्रमाणे सामान्य, म्हणजे ०. उरलेला १ दुखण्याच्या वर्णनाचा, आणि खरी मेख तिथेच आहे. चालताना छातीवर दडपण येते, घाम फुटतो, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात जाते, थांबल्यावर बरे वाटते, असे कोणी नेमके विचारून घेतले असते, तर त्याच बाबीला २ गुण मिळून बेरीज ४ झाली असती आणि रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागले असते. शिवाय मधुमेही माणसाला दुखणे बोथट जाणवू शकते, म्हणजे जो आजार एका रकान्यात गुण वाढवतो तोच दुसऱ्या रकान्यात कमी करू शकतो. धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा घराण्यातील हृदयविकार यांपैकी काही सांगायचे राहून गेले असेल, तरीही बेरीज बदलते.

ट्रोपोनिनच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात वाढायला काही तास लागतात. म्हणून दुखणे सुरू झाल्यावर लगेच घेतलेला पहिला नमुना सामान्य आला, तर एक ते तीन तासांनी (चाचणी कमी संवेदनशील असेल तर तीन ते सहा तासांनी) दुसरा घ्यावा लागतो.

या पद्धतीचा उपयोग खरा आहे, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. ० ते ३ गुण असलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एक-दोघांनाच पुढील सहा आठवड्यांत हृदयाचा गंभीर त्रास होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. ते एक-दोघे कोण, हे मात्र स्कोअर सांगू शकत नाही. ३८ वर्षांच्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाला अगदी ठरावीक हृदयविकाराची कळ आली तरी बेरीज ३च होते. अशा रुग्णाला मी आकडा पाहून सोडत नाही, ईसीजी पुन्हापुन्हा काढतो. ईसीजीच्या आलेखातील ‘एसटी’ नावाचा भाग स्पष्ट वर उचललेला असेल (मोठ्या झटक्याची खूण), तर स्कोअर काढत बसायचेच नसते, रक्तवाहिनी तातडीने उघडायची असते. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान झालेल्यांसाठी ‘ग्रेस’ हा वेगळा स्कोअर वापरतात. त्यात नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) वगैरे धरले जाते आणि १४० च्या वर गेल्यास सहसा २४ तासांत अँजिओग्राफीचा विचार होतो.

आपण कागदपत्रांवर रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ पाहा. तो दुखणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आणि एकदाच घेतलेला असेल, तर वडिलांना आजच पुन्हा दाखवा. नमुने दोनदा घेतले असतील, तर काही दिवसांत हृदयरोगतज्ज्ञांची भेट पुरेशी आहे. मधल्या काळात पुन्हा दुखले, दम लागला किंवा घाम सुटला, तर आधीचा ३ गृहीत न धरता तत्काळ रुग्णवाहिका बोलवा, कारण तो आकडा त्या वेळच्या तपासणीपुरताच होता.