पकड नसलेली कबड्डी

प्रश्न : मुलाकडे ऑरलँडोला गेलो होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने हौसेने 'प्रो बोल'ला नेलं. अमेरिकी फुटबॉलचे निवडक खेळाडू बघायला मिळणार म्हणून गेलो, तर ना शिरस्त्राण, ना झटापट. कमरेला फडकी लावलेली आणि एकमेकांची ती ओढताहेत! तिकिटाचे पैसे मुलाने सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. हा पोरखेळ केव्हापासून?
— निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : सर, तुम्ही तीन वर्षं उशिरा गेलात. धडका घेत खेळलेला शेवटचा प्रो बोल ६ फेब्रुवारी २०२२ ला लास वेगासला झाला, ४१-३५. पुढच्या वर्षीपासून हा फडक्यांचा फ्लॅग फुटबॉल : गड्याला आपटायचं नाही, त्याचं फडकं ओढायचं.

सुरुवात मात्र अस्सल होती. १५ जानेवारी १९३९, लॉस एंजेलिसचं रिगली फील्ड. (शिकागोचं त्याच नावाचं प्रसिद्ध बेसबॉल मैदान नव्हे, पण दोन्हींना नाव त्याच च्युइंगगमवाल्या रिगलींचं.) एनएफएल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक लीग, जिंकलेला न्यूयॉर्क जायंट्स एकीकडे, बाकीच्यांतले निवडक दुसरीकडे. जायंट्स १३-१० ने जिंकले. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा एनएफएलचा एकही संघ नव्हता, म्हणजे तिकडच्या लोकांना ही मंडळी बघायला मिळणं हेच अप्रूप. १९४२ नंतर महायुद्धामुळे सामना थांबला, तो १९५१ ला पुन्हा लॉस एंजेलिसमध्येच सुरू झाला.

१९८० ला तो हवाई बेटांवर, होनोलुलूला गेला आणि सलग तीस वर्षं तिथे राहिला. माझ्या मते तिथेच त्याची हवा गेली. मोसम संपलेला, बायकापोरं समुद्रावर आणि पुढच्या वर्षाची कमाई स्वतःच्या गुडघ्यांवर. अशात कोण कोणाला आपटणार? क्रिकेटचा मैत्रीपूर्ण सामना होऊ शकतो, कॅरमचाही होतो. पकड न करता कबड्डी कशी खेळणार?

जानेवारी २०१२ चा सामना मी लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला, टीव्हीवर बघितला. ५९-४१ असा ढीगभर गुणांचा निकाल, पण समोरासमोरचे धिप्पाड गडी उशीला रेलावं तसे एकमेकांना रेलत होते. हवाईतल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जावई म्हणाले, "बाबा, चॅनेल बदलू का?" त्यानंतर लीगचे प्रमुख रॉजर गुडेल यांनीच हा सामना बंद करण्याची भाषा केली. मग किकऑफ (चेंडू लाथेने दूर मारून डाव सुरू करणं) काढून टाक, संघ वाटण्याची पद्धत बदल, असे उपाय झाले. गुण काही आला नाही.

आता गंमत बघा. फ्लॅग फुटबॉल आणला तो दुखापत टाळायला. पण १९९९ ला याच प्रो बोलच्या आठवड्यात होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावरच्या वाळूत नवोदितांचा एक फ्लॅग सामना ठेवला होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रॉबर्ट एडवर्ड्स पहिल्याच मोसमात १,११५ यार्ड धावून तिथे आलेला. गुडघा असा फाटला की पाय कापावा लागेल की काय, इथपर्यंत गोष्ट गेली. तो परत खेळला, पण २००२ मध्ये, मायामीकडून.

प्रश्न : अशा सामन्यावर खेळाडूंनी कधी बहिष्कार घातला आहे का?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : घातला आहे, आणि यशस्वी केला आहे. तेव्हा अमेरिकन फुटबॉल लीग ही एनएफएलची प्रतिस्पर्धी होती आणि तिचा ताऱ्यांचा सामना वेगळा व्हायचा. जानेवारी १९६५ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला ठरला होता. वंशभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा होऊन जेमतेम सहा महिने झालेले. खेळाडू पोहोचले, तर कृष्णवर्णीयांना टॅक्सीवाले बसवून घेईनात, क्लबवाले दारातून परत पाठवू लागले. २१ कृष्णवर्णीय खेळाडू हॉटेलात एकत्र बसले, मतदान केलं आणि बॅगा भरल्या. कुकी गिलख्रिस्ट, एर्नी लॅड यांच्यासारखे दादा त्यात पुढे होते. काही गोरे खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. लीगचे आयुक्त जो फॉस यांनी सामना ह्यूस्टनला हलवला आणि १६ जानेवारीला, ठरल्या तारखेलाच, तो तिथे झाला.

न्यू ऑर्लिन्सला त्या वेळी आपल्या गावात व्यावसायिक संघ हवा होता. तो मिळाला १ नोव्हेंबर १९६६ ला. त्या दिवशी 'ऑल सेंट्स डे', म्हणजे सर्व ख्रिस्ती संतांचा सण होता, म्हणून संघाचं नाव सेंट्स.