१६ वर्षांचा मुलगा सतत चिडतो आणि रागात स्कूटर घेऊन निघून जातो, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत गेल्यापासून खोलीतून बाहेर येत नाही, जरा काही बोललं की चावी उचलून सुसाट निघतो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी डिट्टो हेच होतं म्हणून लिहितेय.

टेस्टच्या मार्कांवरून बापलेकात वाजलं आणि हा तसाच निघाला, हेल्मेट घातलेलं पण पट्टा लावला नव्हता, वळणावर खडी पसरलेली तिथे गाडी घसरली आणि हेल्मेट उडून पार गटारापाशी जाऊन पडलं. कॉलरबोन मोडलं, डोकं वाचलं ते निव्वळ नशीब. रात्री हॉस्पिटलात मी त्याच्या शर्टाची बाही कात्रीने कापत होते तेव्हा हळूच म्हणाला, आई मला दोन महिने झोपच लागत नाहीये. आणि ते दोन महिने आम्ही मोबाईल मोबाईल करून त्याच्यावर ओरडत होतो!

म्हणून सांगते, आधी चावी तुमच्या ताब्यात घ्या. १६व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आपल्या घरातल्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात, त्याला १८ लागतात. २०१९ पासून कायदा असा आहे की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण नुसती चावी काढून घेतली तर तो अजून आत आत जाईल. ह्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, ती मिळते का बघा, क्लासची पहाटेची बॅच असेल तर सरळ बदला, आम्ही बदलली.

आणि स्पष्ट विचारा, जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने डोक्यात असलं काही शिरत नाही, उलट पोरगं मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, शेतीची औषधं कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलतात, मी स्वतः रात्री दीडला लावलेला.

आता माझा १८ चा झालाय, लायसन्स काढलंय, चावी अजून माझ्याच कपाटात असते. परवा मित्राशी भांडून आला आणि स्वतःच म्हणाला, आज रिक्षाने जातो.