फिसिपेडिया गेला कुठे?

प्रश्न : आईच्या बी.एस्सी.च्या जुन्या पुस्तकात मांसाहारी गणाचे दोन उपगण दिले आहेत : जमिनीवरचे फिसिपेडिया आणि समुद्रातले पिनिपेडिया. माझ्या पुस्तकात मात्र मांजरांचा एक उपगण आणि कुत्र्यांचा एक. त्यात तरस चक्क मांजरांकडे! खरं काय मानायचं? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमचं पुस्तक माना. आईचं मात्र रद्दीत घालू नका.

पायाची बोटं सुटी असली की फिसिपेडिया : वाघ, कोल्हा, अस्वल, मुंगूस, तरस. पायांची वल्ही झाली की पिनिपेडिया : सील, समुद्रसिंह, वॉलरस. परीक्षेला फार सोयीचं. पण पायावरून प्राण्याचं राहणं कळतं, कूळ कळेलच असं नाही. उत्तर पॅसिफिकमधलं समुद्री पाणमांजर जवळपास सगळा जन्म पाण्यात काढतं, मागचे पाय पार वल्ह्यांसारखे, तरी त्याची नोंद भूचरांत!

रूपावर विसंबून भलेभले फसले आहेत. 1758 मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने तरसाला कुत्र्यांच्या ‘कॅनिस’ प्रजातीत घातलं. त्याहून मजेशीर गत आपल्या अस्वलाची. 1791 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने त्याची लांब नखं आणि वरचे मधले दोन दात नाहीत हे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला उलटं लटकणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद ठरवलं. चूक दुरुस्त झाली, तरी इंग्रजीत तो आजही स्लॉथ बेअरच!

मग कुळाची खूण कुठे शोधायची? कॉलेजच्या संग्रहालयात मांजराची कवटी असेल तर शिक्षकांना विचारून ती उलटी धरा. मणक्याकडच्या मोठ्या भोकाच्या पुढे, दोन्ही बाजूंना हाडाचा एकेक गुळगुळीत फुगवटा दिसेल. तो मधल्या कानाचा. फुटकी कवटी मिळाली तर उत्तमच : आत पातळ हाडाचा पडदा घालून दोन खोल्या केलेल्या दिसतात. कुत्र्याच्या कवटीत त्या जागी असा पुरा पडदा नाही. मी दरवर्षी मुलांना या दोन कवट्या शेजारी ठेवून दाखवायचो. दात मोजण्यात रमलेल्यांचं इकडे लक्षच जायचं नाही. इंग्रज शरीररचनातज्ज्ञ विल्यम फ्लॉवरने 1869 मध्ये कवटीच्या याच तळाच्या खुणांवरून भूचर मांसाहारींचे तीन गट पाडले : मांजरांचा, कुत्र्यांचा आणि अस्वलांचा. आजची मांडणी बरीचशी तिथूनच येते. शेवटचे दोन गट आता श्वानांच्या उपगणात एकत्र आहेत.

तरसाच्या कानातली रचना मांजरापेक्षा निराळी असल्याने त्याच्यावर बराच खल झाला. पुढे डीएनएने निकाल दिला : तो मांजरांच्याच शाखेतला, आणि त्याचे जवळचे नातलग कोण, तर मुंगूस मंडळी.

सीलांचंही तसंच. समुद्रसिंह अस्वलांपासून आणि सील पाणमांजरांसारख्या पूर्वजापासून, असं कित्येक जण मानत. आता त्या सगळ्यांचं मूळ एकच, तेही श्वानांच्या उपगणातलं, हे नक्की झालंय. म्हणजे अस्वलाला मांजरापेक्षा सील जवळचा. अशा वेळी सील वगळून उरलेल्यांचा उपगण कसा टिकणार?

‘फिसिपेडिया’ हा शब्द भूचर मांसाहारींना ढोबळपणे उद्देशून अजूनही वापरतात. उत्तरपत्रिकेत तो उपगण म्हणून तेवढा लिहू नका. आणि आईच्या पुस्तकातली दंतसूत्रं, म्हणजे कोणत्या प्रकारचे दात किती याची सूत्रं, जरूर पाठ करा. अस्वलांचे दात साधारण 42, आपल्या अस्वलाचे 40. शॉला चकवणारे ते दोन हेच.